एक हादरा, चार भाषा

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून मराठवाडा नुकताच झोपला होता. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीखालचा खडक तुटला आणि हजारो माणसं झोपेतच गेली.

त्याच क्षणी जमिनीतून दोन लाटा निघाल्या. पहिली खडकाला पुढेमागे दाबत सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते. दुसरी खडकाला आडवं हलवत साडेतीनच्या आसपास. लातूर तिथून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तेवढ्या वाटेत दुसरी लाट पाचेक सेकंद मागे पडते. नांदेड दीडशेच्या जवळ. तिथे ती सतरा-अठरा सेकंद मागे असते. वीज आधी दिसावी आणि गडगडाट नंतर ऐकू यावा, अगदी तसं! म्हणून या मधल्या सेकंदांना आठाने गुणलं, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते साधारण कळतं. एक वजाबाकी, एक गुणाकार, आणि पृथ्वीच्या पोटातला पत्ता हाती!

आता हे काम संगणकावर सोपवायचं. कोणत्या भाषेत सांगायचं त्याला?

उत्तर चकित करणारं आहे: कोणत्याही! १९३६ साली, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मायच्या आधीच, ॲलन ट्युरिंगने कागदावर एक साधं यंत्र कल्पिलं. लांबलचक पट्टीवर खुणा वाचणारं, खोडणारं, लिहिणारं. पुरेसा वेळ आणि पुरेशी पट्टी मिळाली, तर हे एकच यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राचं गणित करू शकतं, हे त्याने दाखवून दिलं. आजच्या नेहमीच्या प्रोग्रामिंग भाषांना हेच लागू पडतं. एकीला जे जमतं, ते दुसरीलाही जमतं.

मग शेकडो भाषा कशाला? सगळी गंमत त्या ‘पुरेशा’ शब्दात आहे. प्रत्यक्षात काही ना काही कमी पडतंच. कधी जागा, कधी वेळ, कधी माणसाची बुद्धी. उदगीरच्या बाजारात समोरचं गिऱ्हाईक बघून मराठी, कानडी, उर्दू, तेलुगू अशी भाषा बदलत जाते ना? इथे नेमकं काय कमी आहे ते बघून भाषा बदलायची.

चला, एका हादऱ्यामागे चालत जाऊ.

पहिला मुक्काम, भूकंपमापक. चांगलं यंत्र तिन्ही दिशांची हालचाल सेकंदाला शंभर वेळा टिपतं. दिवसाचे किती आकडे झाले? २ कोटी ५९ लाख २० हजार! आणि ते टिपणारी चिप कधीकधी अगदी गरीब असते. कॉलेजातली मुलं प्रोजेक्टला वापरतात त्या मूळच्या अर्डुइनो उनो बोर्डाची चालू कामाची मेमरी फक्त २,०४८ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह सहसा तीन बाइट खातं, म्हणजे या लेखातला एखाद-दुसरा परिच्छेद भरला की जागा संपली! इथे हवी ‘सी’. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली ही भाषा मेमरीच्या कोणत्या खणात काय ठेवायचं हे थेट तुमच्या हाती देते. चूक झाली तर तीही तुमचीच. पण एक खण वाया जात नाही.

दुसरा मुक्काम, नोंदवही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोलीचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. लाखो नोंदींमधून असे, भूकंपाच्या मोजपट्टीवर चारच्या वरचे, सगळे धक्के कसे शोधणार? ‘एसक्यूएल’मध्ये ‘कसे’ सांगायचंच नसतं! ‘अमुक भागातले, अमुक वर्षातले, चारहून मोठे द्या’ एवढंच म्हणायचं. सगळी पानं चाळायची की सूचीतून नेमक्या पानावर जायचं, हे यंत्र स्वतः ठरवतं. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या कल्पनेवर आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये ही भाषा उभी केली. आज्ञेऐवजी नुसती इच्छा सांगायची आणि काम व्हायचं!

तिसरा मुक्काम सगळ्यात दमवणारा: लाट जमिनीतून कशी पसरली? शंभर किलोमीटर लांब, शंभर रुंद, पन्नास खोल एवढ्या जमिनीचे शंभर-शंभर मीटरचे ठोकळे पाडा. झाले ५० कोटी. प्रत्येक ठोकळा शेजाऱ्याला ढकलतो. असं दहा हजार वेळा मोजलं की ५ लाख कोटी पायऱ्या! इथे धावून येते ‘फोरट्रान’, आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने १९५७ मध्ये आणलेली. इतकी जुनी भाषा अजून का धावते? तिचा नियम असा, की एका कामाला दिलेल्या आकड्यांच्या दोन रांगा एकमेकींत घुसल्या असतील आणि एक बदलताना दुसरी बिघडेल, अशी शंका यंत्राने धरायची नाही. शंकाच नाही म्हटल्यावर यंत्र कामाचा क्रम बिनधास्त बदलतं, अनेक बेरजा एकदम उरकतं. एका छोट्याशा भरवशातून एवढा वेग!

चौथ्या मुक्कामावर संशोधक आहे. तिला आलेख हवाय, नवी कल्पना आजच तपासायची आहे. इथे कमी आहे तो माणसाचा वेळ. म्हणून ‘पायथन’, खिडो व्हान रॉसम यांची १९९१ ची भाषा. एकेक आकडा मोजायला ती सीपेक्षा कितीतरी संथ आहे. मग शास्त्रज्ञ तिच्यावर एवढे का विसंबतात? कारण ती उसाच्या फडातल्या मुकादमासारखी वागते. कोणता फड कधी तोडायचा ते मुकादम सांगतो, कोयता टोळीच्या हातात असतो. पायथनच्या ‘नमपाय’ या साधनात राबणारी टोळी आहे सीची, आणि मोठमोठी समीकरणं सोडवायला बहुधा फोरट्रानमध्ये घडलेलं गणितच हाताशी येतं. पायथनची अशी एक ओळ लिहिली, की १९५७ ची ती म्हातारी आजही पदर खोचून उभी राहते!

म्हणून नवं काम हाती घेताना ‘कोणती भाषा भारी?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. इथे काय कमी आहे ते विचारा: जागा, वेळ, की माणूस? प्रत्येक भाषा यांतलं एकेक ओझं आपल्या डोक्यावरून उतरवून घ्यायला जन्मली आहे. जमिनीखालून आलेली थरथर चिपवर टिपली जाते, नोंदवहीत बसते, ५० कोटी ठोकळ्यांतून पुन्हा जिवंत होते आणि अखेर माणसाच्या डोळ्यांसमोर एक रेघ बनून उभी राहते. चार भाषांनी हातोहात पोचवलेली, नांदेड-लातूरच्या मातीची रेघ.