माशाचे हात-पाय

माशाला पर किती, असे विचारले तर बहुतेक जण शेपटी आणि पाठीवरचा पर सांगून थांबतात. खरे तर माशाचे पर दोन प्रकारचे असतात. पाठीवरचा, शेपटीचा आणि गुदद्वारामागचा, हे शरीराच्या मध्यरेषेवर असतात. त्यांना डावे-उजवे नाही. उरलेले चार मात्र जोडीने येतात. कल्ल्यांच्या मागे दोन बाजूंना दोन, आणि खाली पोटाशी दोन. पहिल्या जोडीला अंसपक्ष, म्हणजे खांद्याचे पर, आणि दुसरीला श्रोणिपक्ष, म्हणजे कटीचे पर, असे शास्त्रीय नाव आहे. आपले दोन हात आणि दोन पाय यांचे मूळ या चार परांत आहे.

आधी त्यांचे काम पाहू. बहुतेक माशांना पुढे ढकलते ती शेपटी. पण नुसत्या जोरावर नाव चालत नाही, सुकाणूही लागते. वळणे, थांबणे, वर-खाली होणे, एका जागी तरंगत राहणे, ही कामे जोडपरांची. बांगड्यासारखा मासा थांबायचा असला की खांद्याचे पर पसरतो. त्याने वेग कमी होतो, पण शरीर वर उचलले जाऊ लागते. तो उचल कटीचे पर मोडून काढतात. म्हणूनच बांगड्याचे कटीचे पर पुढे सरकून खांद्याच्या परांखाली आलेले असतात, तर रोहूचे मागे, पोटाच्या मध्यावर असतात. पापलेटला मोठेपणी ही जोडी नसतेच, गोड्या पाण्यातल्या वामीलाही नसते. ज्यांच्या घरी मासे येतात त्यांनी हे बाजारात ताडून पाहावे. माझ्यासारख्या ज्यांच्या घरी येत नाहीत, त्यांना काचेचे मत्स्यालय पुरे.

कटीचे पर असे पुढे-मागे सरकू शकतात, कारण माशाच्या कटीचे हाड कण्याला जोडलेले नसते. ते स्नायूंत नुसते रुतलेले असते. खांद्याची हाडे मात्र बहुतेक अस्थिमाशांत कवटीला जखडलेली असतात. माशाला मान नाही, ती यामुळे.

सुरुवातीच्या माशांना जबडा नव्हता आणि जोडपरही नव्हते. आजही हॅगफिश आणि लॅम्प्रे हे बिनजबड्याचे जीव जोडपरांशिवायच जगतात. जीवाश्मांत आधी खांद्याची जोडी दिसते, कटीची नंतर. हे पर आले कोठून, यावर एकोणिसाव्या शतकापासून वाद आहे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ गेगेनबाउर म्हणाले, कल्ल्यांच्या कमानींपासून. इंग्रज शास्त्रज्ञ बाल्फोर आणि इतर म्हणाले, कुशीच्या बाजूने असलेल्या त्वचेच्या लांब घडीपासून. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

पुढची पायरी अधिक स्पष्ट आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समीअर बेटावर २००४ साली टिक्टालिक नावाच्या माशाचे जीवाश्म सापडले आणि २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तो सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या परात आधी एक हाड, मग दोन, मग लहान हाडांचा गट आहे. आपल्या दंडात एक, पुढच्या हातात दोन आणि मनगटात अनेक हाडे असतात, तोच हा क्रम. रोहूच्या परात दंडाचे हाड उरलेले नाही. म्हणून रोहू आपला पूर्वज नव्हे. लांबचा भाऊबंद आहे.

या नात्याचा वैद्यकात थेट उपयोग आहे. होल्ट आणि ओरॅम या डॉक्टरांनी १९६० साली एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात अंगठा किंवा पुढच्या हाताचे हाड सदोष असते आणि हृदयाच्या पडद्यालाही भोक असू शकते. १९९७ साली त्याचे कारण असलेला जनुक सापडला. झेब्राफिश या आपल्याकडच्याच लहान माशात हाच जनुक बिघडला, तर खांद्याचे पर उगवत नाहीत आणि हृदयही नीट घडत नाही. तेव्हा जन्मतः अंगठा नसलेले वा वेडावाकडा असलेले मूल समोर आले, तर कोणत्याही पॅथीच्या डॉक्टराने गोळ्या देण्याआधी त्याला हृदयतज्ज्ञाकडे पाठवावे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि कित्येकांना इथलीच नावे दिली. महसीर माशाच्या एका जातीचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री आहे. त्यातला ‘खुद्री’ हा शब्द त्यांनी पुण्याकडे ऐकलेला. सह्याद्रीच्या ओढ्यांत बॅलिटोरा वंशाचे बोटभर मासे आहेत. त्यांचे चारही पर तळाशी आडवे पसरलेले असतात आणि त्यांच्या आधाराने ते धावत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतात. कारवारकडच्या खाड्यांत ओहोटीला चिखलावर सरपटणारी निवटी आपण पाहिली असेल. तिच्या खांद्याच्या परांचे बुंधे मांसल असतात, त्यांवर ती अंग पुढे ओढते. पण हे चालणे तिने स्वतंत्रपणे कमावले आहे. आपल्या पायांशी त्याचा थेट संबंध नाही.

कमरीपेठेजवळ मोठी नदी नाही. तरी धारवाडला उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळते आणि ते पाणी गंगावळी या नावाने अरबी समुद्रात जाते. अशा नद्यांत प्रत्येक टप्प्याचे पाणी वेगळे आणि त्या पाण्याला साजेसे परही वेगळे. ओढा अडवला, गाळाने दगड झाकले, की दगड धरण्यासाठी घडलेल्या परांना धरायला काही उरत नाही. मासा परांची घडण एका पावसाळ्यात बदलू शकत नाही. तिला लाखो वर्षे लागलेली असतात.

जैन शास्त्राने माशाला मनुष्याबरोबर पंचेंद्रिय जीवांत बसवले, आणि दिगंबर परंपरेत अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछन मासा आहे. शरीरशास्त्र वेगळ्या वाटेने जाते, पण तेही त्याला आपल्या नात्यातच आणून बसवते. बंधारा कोठे घालायचा आणि वाळू किती उपसायची हे ठरवताना या नातेवाइकाचा विचार व्हावा, एवढे मागणे फार नाही.