अपत्यबलिदान, संगीत-नाट्यातील
देवतेच्या आज्ञेने किंवा तिला दिलेल्या वचनामुळे माता-पित्याने स्वतःच्या अपत्याचा बळी देण्यास सिद्ध होणे, हे संगीत-नाट्यातील एक प्राचीन कथाबीज. ग्रीक शोकात्मिका, बायबल व भारतीय शैव परंपरा या तिन्हींत ते आढळते. मराठीत त्याचा ठळक आविष्कार म्हणजे श्रियाळ-चांगुणेचे आख्यान होय.

यूरिपिडीझच्या मृत्यूनंतर इ. स. पू. ४०५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्याच्या नाटकात ॲगमेम्नॉन हा ऑलिस येथे अडलेल्या नौदलासाठी कन्या इफिजिनाया हिचा बळी देण्यास तयार होतो. बायबलच्या जुन्या करारात इफ्ताह हा विजयानंतर घरातून जे प्रथम सामोरे येईल, ते अर्पण करण्याचा नवस करतो आणि त्याची एकुलती कन्याच पुढे येते. स्कॉटिश पंडित जॉर्ज ब्यूकॅनन याने १५५४ मध्ये प्रकाशित झालेल्या लॅटिन नाटकात यूरिपिडीझचा आदर्श ठेवून या कन्येला ‘इफिस’ हे नाव दिले. हँडलच्या जेफ्था (लंडन, १७५२) या अखेरच्या ऑरेटोरिओत, म्हणजे अभिनयाविना गायिल्या जाणाऱ्या धार्मिक नाट्यरचनेत, तेच नाव कायम आहे. ईश्वरी संकेताच्या अगम्यतेविषयीच्या वृंदगानाशी आला असता, दृष्टी क्षीण झाल्याने हँडलला लेखन थांबवावे लागले होते. मोट्सार्टच्या इडोमेनेओ (म्यूनिक, १७८१) या ऑपेरात नवसामुळे राजपुत्रावर संकट ओढवते. या दोन्ही संगीतकृतींत पित्याचा विलाप आधी येतो आणि प्रत्यक्ष वधापूर्वीच देवदूत किंवा देववाणी सुटका करते.

श्रियाळाच्या कथेत सुटका इतक्या लवकर होत नाही. शिरुत्तोंडर या तमिळ शिवभक्ताची ही कथा सेक्किळारच्या पेरियपुराणम् (बारावे शतक) या ग्रंथात असून, मराठीत ती श्रीधरांच्या शिवलीलामृत (१७१८) या ओवीबद्ध ग्रंथामुळे आणि कीर्तनाच्या उत्तररंगातून सर्वपरिचित झाली. अतिथिरूपाने आलेला शिव चिलया या बालकाचे मांस मागतो. चांगुणेने त्याचे मस्तक उखळात कांडावे, गीत गावे आणि मुखावर शोक दिसू देऊ नये, अशी त्याची अट असते. पुढे निपुत्रिकाच्या घरी आपण जेवत नाही, असे तो म्हणतो. तेव्हा मातेने हाक मारताच चिलया सजीव होऊन येतो.

येथे गीत हे कृतीपूर्वीचे स्वगत नसून कृतीचाच भाग आहे. कांडणाच्या लयीत ओवी गाणे हा मराठी स्त्रीच्या नित्य श्रमाचा प्रघात. तोच येथे भयावह होतो. अश्रूंना बंदी असल्याने सारा शोक स्वराला वाहावा लागतो. आख्यान सांगणाऱ्या कीर्तनकाराचा कस याच प्रसंगी लागतो. कारण चांगुणेला रडता येत नाही, श्रोत्यांना मात्र रडू आवरत नाही.

ख्रिस्ती परंपरेतही मराठी ओवी याच भावनेजवळ गेली. फादर स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणात (१६१६) जुन्या करारातील कथा व ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध आहेत. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे त्या चरित्राच्या केंद्रस्थानीही पित्याने केलेले पुत्रार्पण आहे. पुत्राचे पुनरुत्थान हा शेवट उभय कथांत समान असला, तरी क्रुसाजवळील माता शोकाला मुक्त असते, चांगुणा नसते.