सेविकाताईंचं शिक्षण

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात सकाळी अंगणवाडी भरते, तेव्हा बघणाऱ्याला फक्त खिचडी आणि वजनकाटा दिसतो. गाणी-गोष्टी म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असंच बहुतेकांना वाटतं. खरं तर अंगणवाडीची कल्पनाच महाराष्ट्रात रुजली ती शिकवण्यासाठी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. बिया, शिंपले, पानं, खडे हीच त्यांची साधनं. महागडी खेळणी न आणता आसपासच्या वस्तूंतून मूल कसं शिकतं, हे त्यांनी बालसेविकांना प्रत्यक्ष करून दाखवलं.

एकात्मिक बालविकास योजना आली 2 ऑक्टोबर 1975 ला. तिच्यात अंगणवाडी सेविकेला नेमणुकीनंतरचं प्रशिक्षण आणि मग अधूनमधून उजळणी वर्ग मिळू लागले. पण भर राहिला पोषण, लसीकरण आणि रजिस्टरांवर. 2023 साली केंद्र सरकारने ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम आणला. त्यात तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आहे, तर तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम. तान्ह्याशी सतत बोलणं, रांगत्या मुलाला भांडी हाताळू देणं, दिव्यांगत्वाची लक्षणं लवकर ओळखणं, हे सगळं सेविका या उपक्रमाच्या प्रशिक्षणात शिकते.

अडचण असते ती प्रशिक्षणानंतर. एकाच खोलीत तीन वर्षांचं आणि सहा वर्षांचं मूल शेजारी बसलेलं असतं, मोबाइलमध्ये माहिती भरायची राहिलेली असते. अशा वेळी पर्यवेक्षिकेने तासभर बसून एखादा खेळ सेविकेबरोबर घेतला, तर तो जाडजूड पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडतो.