‘भरधाव’ या शब्दाची साक्ष

अपघातांच्या फिर्यादी मी गेली काही वर्षे वाचतो आहे. सोलापूरची असो वा सावंतवाडीची, त्यात एक वाक्य शिक्क्यासारखे उमटलेले असतेच : आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. यातला ‘भरधाव’ हा शब्द आपल्याला सर्वांत वजनदार वाटतो. न्यायालयात मात्र तोच सर्वांत हलका ठरतो.

भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ मध्ये (आता भारतीय न्याय संहितेचे २८१) वेगाचा आकडाच नाही. तिथे दोन शब्द आहेत : बेदरकारपणा आणि हयगय. त्यांतला भेद अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने १८८१ साली सांगितला, तेव्हा मोटार रस्त्यावर यायची होती. धोका दिसत असूनही ‘काही होत नाही’ म्हणून पुढे जाणे हा बेदरकारपणा. शहाण्या माणसाने घेतली असती ती काळजी न घेणे ही हयगय. हयगयीत माणसाला धोका दिसलेलाच नसतो, पण दिसायला हवा होता. हीदेखील साधी चूक नव्हे. फौजदारी शिक्षेसाठी ती ढोबळ असावी लागते.

‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या १९९८ च्या निकालात हे लख्ख दिसते. ट्रक उलटून माणसे मेली होती. साक्षीदार म्हणाले, गाडी जोरात होती. जोरात म्हणजे किती, हे कोणीच सांगितले नाही. वेग सापेक्ष असतो, निव्वळ त्यावरून हयगय गृहीत धरता येत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने चालकाची सुटका कायम ठेवली. मृतांच्या घरच्यांना हे कसे पटावे? पण ताशी साठचा वेग द्रुतगती मार्गावर रेंगाळणे असते आणि शाळा सुटताना गल्लीत जीवघेणा. म्हणून ब्रेकचे व्रण, वळण, उजेड, गाडी कोणत्या बाजूला होती, हे पंचनाम्यात लागते. बहुतेक पंचनामे इथेच आखडतात.

दुसऱ्या टोकाला परेरा खटला. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण मेले. चालक मद्यधुंद होता. सत्र न्यायालयाने हयगय मानून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने मृत्यू ओढवू शकतो ही जाणीव त्याला होती असे मानून सदोष मनुष्यवध ठरवला आणि तीन वर्षे दिली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. माणसे तीच, गाडी तीच. फरक पडला तो चालकाच्या डोक्यात काय होते यावर.

भरपाईचा दावा निराळ्या दारातून जातो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. म्हणून फौजदारीत सुटलेल्या चालकाच्या अपघातातही मृताच्या पत्नीला भरपाई मिळू शकते.