दोन पुतळे आणि एक निनावी कबर

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोव्ह या बंदराच्या धक्क्यावर एका मुलीचा ब्राँझचा पुतळा उभा आहे, आणि तिच्याजवळ तिचे दोन धाकटे भाऊ आहेत. अटलांटिक महासागराच्या पैलतीरी, न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावर, त्याच मुलीचा दुसरा पुतळा आहे. परंतु तेथे ती एकटीच उभी आहे. दोन्ही पुतळे जीन राइनहार्ट या एकाच शिल्पकर्तीने घडविले आणि दोन्ही १९९३ मध्ये उभे राहिले. या मुलीच्या, म्हणजे ॲनी मूर हिच्या, कुटुंबाचा माग कागदपत्रांतून कसा लागला याची हकीकत वाचीत असता या दोन पुतळ्यांतील भेद माझ्या मनात वारंवार येत राहिला. कारण जोपर्यंत लोक एकट्या ॲनीला शोधीत होते, तोपर्यंत त्यांच्या हाती भलतीच स्त्री लागत राहिली, आणि ज्या वेळी कोणी तिच्या भावाचा शोध घ्यावयास निघाले, त्या वेळी ती आपोआप समोर येऊन उभी राहिली.

१ जानेवारी १८९२ हा एलिस बेटावरील नव्या आगमन-ठाण्याचा पहिला दिवस. १८९० पर्यंत न्यूयॉर्कला उतरणाऱ्या परदेशस्थांची नोंद कॅसल गार्डन येथे न्यूयॉर्क राज्याच्या देखरेखीखाली होत असे. आता ते काम संघराज्य सरकारने आपल्या हाती घेतले होते. आदल्या रात्री बंदरात आलेल्या ‘नेव्हाडा’ या आगबोटीवरील खालच्या वर्गाचे प्रवासी सकाळी एका लहान बोटीतून बेटावर आणण्यात आले, आणि त्यांच्या अग्रभागी कॉर्क परगण्यातील ॲनी मूर आणि तिचे भाऊ अँथनी व फिलिप हे होते. २० डिसेंबर १८९१ रोजी ही तिघे क्वीन्सटाउन बंदरातून निघाली होती. (व्हिक्टोरिया राणीच्या १८४९ मधील भेटीनिमित्त कोव्हला दिलेले हे नाव १९२० पर्यंत टिकले.) ठाण्याचे प्रमुख अधिकारी कर्नल जॉन वेबर यांनी ॲनीच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी तिच्या लाल गालांचे कौतुक केले आणि त्या दिवशी तिचा पंधरावा वाढदिवस होता असेही छापले. वस्तुतः तिचा जन्म १८७४ सालचा. ती त्या वेळी सतरा वर्षांची होती, आणि नववर्षदिनाशी तिच्या वाढदिवसाचा काही संबंध नव्हता. एका गरीब मुलीच्या चरित्राचा पहिला मुद्रित परिच्छेदच असा चुकीचा निघाला, आणि पुढील शंभर वर्षांत तिच्या वाट्याला जे आले त्याचा तो प्रारंभ होता.

ती तिघे भावंडे निराधार म्हणून निघाली नव्हती. मॅथ्यू आणि ज्युलिया हे त्यांचे आईबाप १८८८ मध्येच न्यूयॉर्कला येऊन मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील मनरो स्ट्रीटवर ३२ क्रमांकाच्या घरात राहत होते. आयरिश देशांतराची रीतच ही होती. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने जो महादुष्काळ ओढवला, त्यात सुमारे दहा लक्ष माणसे मृत्युमुखी पडली आणि तितक्यांनीच देश सोडला. १८४१ च्या खानेसुमारीत एक्क्याऐंशी लक्षांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये पासष्ट लक्षांवर आली. दुष्काळ सरला तरी वाट मोडली नाही. कुटुंबातील एकाने पुढे जावयाचे, मोलमजुरी करून भाड्याची रक्कम साठवावयाची, मग दुसऱ्याला बोलवावयाचे, अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली. युरोपातील इतर देशांतून प्रामुख्याने पुरुष जात असता आयर्लंडातून स्त्रिया जवळजवळ पुरुषांइतक्याच संख्येने, आणि त्यातही बहुतांशी अविवाहित तरुणी, गेल्या. म्हणून आयरिश घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्याने एक गोष्ट प्रथमच ध्यानात धरावी, की येथे व्यक्ती हा शोधाचा घटक नव्हे. कुटुंब हा घटक आहे.

आता या कुटुंबाची नोंद कोणत्या दप्तरात असावयास हवी होती ते पाहू. ॲनी कॉर्कला वाढत असता १८८१ ची आणि १८९१ ची अशा दोन खानेसुमाऱ्या झाल्या, आणि दोहोंच्या घरवार फर्दांत मूर कुटुंबातील त्या त्या वेळी तेथे असलेल्या माणसांची नावे, वये आणि धंदे असणार. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात सरकारी हुकुमाने त्या दोन्ही खानेसुमाऱ्यांचे मूळ कागद लगद्यात घातले गेले. १८६१ आणि १८७१ चे तर त्याआधीच नष्ट करण्यात आले होते. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांचे जे कागद डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतील सार्वजनिक दप्तरखान्यात होते, त्यांपैकी बहुतेक सर्व ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धाच्या धुमश्चक्रीत स्फोट व आग यांत जळाले, आणि त्यांबरोबर मृत्युपत्रे, न्यायालयीन कैफियती, प्रॉटेस्टंट ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या निम्म्याहून अधिक पॅरिशांच्या नोंदवह्या असा शतकानुशतकांचा संग्रह गेला. आयर्लंडची हाती मिळणारी सर्वांत जुनी संपूर्ण खानेसुमारी १९०१ ची आहे. तोपर्यंत ॲनी न्यूयॉर्ककर होऊन गेली होती. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सामान्य शेतकऱ्याचीही सात पिढ्यांची नावे सापडतात. त्या ऐश्वर्याची किंमत फोर कोर्ट्‌सची ही वार्ता वाचल्यावर कळते.

अमेरिकेकडील बाजूही फारशी निराळी नव्हती. १८८८ मध्ये पोहोचलेले मॅथ्यू आणि ज्युलिया १८९० च्या अमेरिकन खानेसुमारीत असावयास हवे. परंतु त्या खानेसुमारीचे कागद जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टन येथील व्यापार खात्याच्या इमारतीला लागलेल्या आगीत होरपळले व भिजले, आणि जे वाचले तेही पुढे निकामी ठरवून नष्ट करण्यात आले. खुद्द एलिस बेटावरील पहिले ठाणे लाकडी होते. ते १५ जून १८९७ च्या पहाटे जळून गेले, आणि त्याबरोबर तेथील दप्तरही खाक झाले. ज्या ज्या कागदावर या कुटुंबाचे नाव हमखास असणार, तो तो कागद कोठे अग्नीच्या तर कोठे अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला होता. सुदैवाने बोटीवरील प्रवाशांची यादी कस्टम खात्याकडेही जात असे. त्या दप्तरातील प्रत सुरक्षित राहिली, आणि ‘नेव्हाडा’च्या यादीत ॲनी, अँथनी व फिलिप ही तीन नावे एकाखाली एक अशी आजही वाचता येतात. एलिस बेटावरील कारकुनांनी लोकांची नावे बदलली असा जो प्रवाद अमेरिकेत घरोघरी प्रचलित आहे, तोही या याद्यांपुढे टिकत नाही. यादी बोट सुटण्याच्या बंदरावर तयार होत असे आणि बेटावरील अधिकारी ती केवळ पडताळून पाहत.

परंतु यादी म्हणजे आगमनाचा दाखला. ती त्यापुढचे काही सांगत नाही. त्यापुढची जागा लोककथेने भरली. ॲनी मूर पश्चिमेकडे गेली, टेक्सासला पोहोचली, डॅनियल ओकॉनेल या थोर आयरिश पुढाऱ्याच्या वंशातील गृहस्थाशी तिचा विवाह झाला आणि पुढे ट्रामखाली सापडून ती अपघाती मरण पावली, अशी एक सुरस हकीकत सर्वत्र मान्य झाली. पुस्तकांत गेली, समारंभांत सांगितली गेली. टेक्सासची ती ॲनी मूर ही खरोखरच होऊन गेलेली एक स्त्री होती, आणि तिच्या वंशजांनी ही गोष्ट सद्भावनेने सांगितली यात मला शंका वाटत नाही. पण कथा लोकांना पटली ती पुराव्याच्या बळावर नव्हे. सोन्याचे नाणे घेऊन आलेल्या मुलीने पश्चिमेचा विस्तीर्ण प्रदेश पादाक्रांत करावा, कुलीन घरात पडावे, हे अमेरिकेच्या स्वतःविषयीच्या कल्पनेशी इतके जुळत होते, की जन्माचा दाखला मागण्याचे कोणाला सुचलेच नाही.

तो मागण्याचे ज्या बाईंना सुचले त्यांचे नाव मेगन स्मोलेन्याक. घराण्यांचा इतिहास शोधणे हाच त्यांचा व्यवसाय. देशांतर केलेल्यांवरील एका माहितीपटाच्या निमित्ताने टेक्सासच्या ॲनीचे कागद त्या पाहू लागल्या, आणि ती ॲनी अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात, जन्मली होती असे उघड झाले. जी जन्माने अमेरिकन तिने देशांतर कोठून करावे? गोष्ट एका नोंदीसरशी कोसळली. मात्र खोटी ॲनी दूर झाली म्हणून खरी सापडली असे होत नाही. मूर हे आडनाव आयरिशांत पावलोपावली आढळणारे, ॲनी हे नाव त्याहून सामान्य, आणि विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलले की दप्तरातील धागा तेथेच तुटतो. २००६ मध्ये स्मोलेन्याक यांनी खऱ्या ॲनीविषयी पुरावा आणून देणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले, आणि न्यूयॉर्क शहराच्या दप्तरखात्याचे आयुक्त ब्रायन अँडरसन हे त्यांच्या मदतीला आले.

अँडरसन यांच्या हाती जो निर्णायक कागद लागला तो ॲनीचा नव्हता. धाकट्या फिलिपचा होता. फिलिप मूर याने अमेरिकन नागरिकत्व घेतल्याचा तो दाखला. पुरुषाचे आडनाव बदलत नाही, मतदानासाठी त्याला नागरिकत्व घ्यावे लागते, म्हणून जेथे बहीण अदृश्य होते तेथे भाऊ सरकारच्या कागदावर उमटतो. त्या दाखल्यावरून फिलिप १९३० च्या खानेसुमारीत सापडला (अमेरिकेत खानेसुमारीचे कागद बहात्तर वर्षे बंद ठेवतात, त्यामुळे ते २००२ मध्ये नुकतेच खुले झाले होते) आणि त्याच्या घरात ॲना नावाची मुलगी नोंदलेली आढळली. त्या ॲनाचे नाव पुढे सामाजिक सुरक्षा खात्याच्या मृतांच्या सूचीत मिळाले, आणि त्यावरून तिच्या हयात मुलापर्यंत संशोधक पोहोचले. १८९२ च्या यादीतील तीन नावांपैकी तिसऱ्या नावाने अशी तीन पिढ्यांची वाट चालून पहिल्या नावाचा पत्ता दिला. कागदाला कागद जोडणाऱ्या या चिकाटीत मला विलक्षण सौंदर्य दिसते, वि. का. राजवाडे ज्या निष्ठेने गावोगावची दप्तरे धुंडाळीत हिंडले, त्याच जातीची ही निष्ठा आहे.

जी ॲनी समोर आली ती टेक्सासला कधी गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत, आईबापांच्या घरापासून चार गल्ल्यांच्या टापूत तिचे सारे आयुष्य गेले. जोसेफ ऑगस्टस शेयर या, जर्मन कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या आणि फुल्टनच्या मासळीबाजारात काम करणाऱ्या तरुणाशी तिचा विवाह झाला. तिला निदान अकरा अपत्ये झाली. त्यांपैकी पाचच वयात आली. उरलेली, ज्या भाड्याच्या खोल्यांच्या चाळवजा इमारतींत शेकडो कुटुंबे अपुऱ्या हवेत व उजेडात राहत, तेथेच बालपणी गेली. त्या वस्तीतील मृत्युनोंदी वाचणे हे कठीण काम आहे. एकाच आडनावाखाली दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या अंतराने येणाऱ्या ओळी पाहिल्या की आकडे पुढे वाचवत नाहीत. ६ डिसेंबर १९२४ रोजी, पन्नासाव्या वर्षी, हृदयविकाराने ॲनीचा अंत झाला. त्या वेळचा तिचा पत्ता चेरी स्ट्रीटवरील ९९ क्रमांकाचे घर हा होता. मनरो स्ट्रीटवरील त्या पहिल्या घरापासून तेथवर पायी जावयास काही मिनिटे पुरतात. ॲनीला तेवढ्या अंतरासाठी बत्तीस वर्षे लागली.

तिचे वंशज आज आयरिश, ज्यू, इटालियन, स्कँडिनेव्हियन अशी नाना आडनावे लावतात. सोन्याच्या नाण्याची गोष्ट ऐकून जे तिला टेक्सासच्या माळरानावर पाठवीत होते, त्यांना अमेरिकेचे वैभव दिसत होते ते मैलांत. या बाईच्या घरात मात्र ते असे आडनावांत साठत गेले, आणि त्यासाठी तिला मॅनहॅटन सोडावे लागले नाही.

क्वीन्समधील कॅल्व्हरी दफनभूमीत, तिच्या अकाली गेलेल्या काही मुलांसमवेत, ॲनीला पुरले होते. कबरीवर दगड नव्हता, नाव नव्हते. दफनभूमीच्या वहीतील नोंदीवरून २००६ च्या ऑगस्टमध्ये ती जागा निश्चित झाली. ११ ऑक्टोबर २००८ रोजी तेथे एक केल्टिक क्रूस उभारण्यात आला. त्याचा निळसर चुनखडीचा दगड आयर्लंडचा आहे.