हद्दीतले विद्यापीठ : हिंगोली जिल्ह्यातील सामाजिक शास्त्रांच्या पदवीशिक्षणाचा मागोवा

बारावीनंतर सामाजिक शास्त्रांकडे, म्हणजे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, लोकप्रशासन, मानसशास्त्र अशा समाजव्यवहाराचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या विषयांकडे, वळणारा विद्यार्थी आधी विद्यापीठ निवडतो आणि मग प्रवेश घेतो, हे गृहीत हिंगोलीपुरते बोलायचे तर फार अलीकडचे आहे. गेल्या शंभर वर्षांत या भूभागावर कोणत्या विद्यापीठाचा अधिकार चालेल हे संस्थानाच्या सीमेने, राज्य पुनर्रचनेने आणि अखेर विधिमंडळाच्या कायद्याने ठरवले. विद्यार्थ्याच्या हाती उरले ते गाव, वसतिगृह आणि विषयांची जोडणी.

निजामाच्या राजवटीत हिंगोली, कळमनुरी आणि वसमत हे तालुके परभणी जिल्ह्यात होते आणि उच्च शिक्षणाची वाट हैदराबादला जात होती. तेथे दोन पर्याय होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, तर १८८७ पासून चाललेले निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशी संलग्न असल्याने तेथे इंग्रजी चाले. मराठी मातृभाषा असलेल्या मुलाला कोणत्याही दारातून आत जाताना भाषा बाहेर ठेवावी लागे. १९३८ मध्ये वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली, तिच्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी संप केला आणि अनेकांची नावे पटावरून कमी झाली, तेव्हा त्यांतील बऱ्याच जणांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. संस्थानाची हद्द ओलांडून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा हा मोठा सामूहिक प्रसंग. पण त्याला निवड म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण परतीचा रस्ता बंद झाल्यावर धरलेली ती वाट होती.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर चित्र झपाट्याने बदलले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. मराठवाड्याचे स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत ही महाविद्यालये उस्मानियाशीच जोडलेली होती, म्हणजे शिकवणे नांदेडात आणि परीक्षेचा अधिकार हैदराबादेत. या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण नरहर कुरुंदकरांचे आहे. आज हिंगोली जिल्ह्यात असलेल्या नांदापूर येथे १५ जुलै १९३२ रोजी जन्मलेले आणि वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे हे अभ्यासक शिकायला हैदराबादला गेले, इंटरच्या परीक्षेत अडखळले, नांदेडात शाळाशिक्षक झाले, उशिरा पदव्या मिळवून पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. इतिहास, राज्यघटना, धर्म आणि समाज यांवर त्यांनी जे लिहिले ते सामाजिक शास्त्रांच्या कोणत्याही विभागाला भूषणावह ठरावे असे आहे, पण त्यातले फारच थोडे त्यांना कोणा विद्यापीठाच्या वर्गात मिळाले होते. अपवादावरून नियम काढू नये हे खरे. तरी विद्यापीठाच्या नावावरून शिक्षणाची प्रत मोजणाऱ्यांनी हा अपवाद ध्यानात ठेवायला हरकत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि संलग्नतेची पद्धत या भागात खऱ्या अर्थाने रुजली. संलग्न महाविद्यालय म्हणजे असे महाविद्यालय की जे चालवते एखादी स्थानिक शिक्षणसंस्था, परंतु ज्याचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची असते. पुढच्या काही दशकांत हिंगोलीचे आदर्श महाविद्यालय, वसमतचे बहिर्जी स्मारक महाविद्यालय, तसेच कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ येथील महाविद्यालये याच पद्धतीने उभी राहिली. त्यांचा लाभ निर्विवाद होता, कारण एसटीच्या पासावर घरून ये-जा करता येईल अशा अंतरावर, मराठी माध्यमातून पदवी मिळू लागली आणि मुलींच्या शिक्षणाला घरातून होणारा विरोध सैल पडला. उणीव मात्र रचनेतच होती. बी.ए.ला भाषांबरोबर तीन ऐच्छिक विषय घ्यायचे असत, आणि ते विद्यार्थ्याच्या ओढीपेक्षा महाविद्यालयात कोणत्या विषयाची मान्यता आणि कोणत्या विषयाचा शिक्षक आहे यावरून ठरत. मानसशास्त्र किंवा संख्याशास्त्राची जोड असलेले अर्थशास्त्र हवे असणाऱ्याला तालुक्यात थांबून भागत नसे. संदर्भग्रंथ बहुतांशी इंग्रजीत आणि अध्यापन मराठीत, या दरीत बाजारातील मार्गदर्शकांचे फावले.

विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न याच काळात मराठवाड्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू झाला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि प्रदीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले व परभणी जिल्हा त्याच्याकडे गेला. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली वेगळा झाला तेव्हा विद्यापीठ आपसूकच नांदेडचे राहिले. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाचे नाव हाच एवढा मोठा अभ्यासविषय क्वचितच मिळाला असेल. उत्तरेकडे वाशीमची सीमा ओलांडताच १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाची हद्द लागते, त्यामुळे सेनगाव तालुक्यातील काही गावांना शेजारच्या जिल्ह्यातले महाविद्यालय जवळ, पण विद्यापीठ वेगळे, अशी स्थिती आली.

उच्च शिक्षणातील पटनोंदणीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीहून कमी असलेले ३७४ जिल्हे विद्यापीठ अनुदान आयोगाने निश्चित केले, त्यांत महाराष्ट्रातील मोजक्या जिल्ह्यांमध्ये हिंगोली होता, आणि त्या योजनेतून नांदेड विद्यापीठाचे न्यू मॉडेल डिग्री कॉलेज येथे आले. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींच्या ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. प्रकल्पामुळे बदलणाऱ्या जमिनी, रोजगार आणि गावे यांचा अभ्यास करायला समाजशास्त्राचे स्थानिक पदवीधर किती तयार असतील, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारलेला दिसत नाही.

२००० नंतर कलाशाखेची पदवी हे बऱ्याच घरांत दुय्यम साधन बनले. आधी डी.एड.ची लाट आली, शिक्षकभरती रखडल्यावर ती ओसरली, आणि तिची जागा राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांनी घेतली, बी.ए. गावाकडे किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, आणि अभ्यासिका पुण्यात, अशी विभागणी रूढ झाली. आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची, करण्याचे ठरवले, तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात आंदोलन होऊन हा बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. तयारीला वेळ हवा, ही मागणी रास्त होती. पण पदवीच्या तीन वर्षांत सलग चार पाने लिहिण्याची सवय लागत नाही, याची ती कबुलीही होती.

हद्दीबाहेरची दारे गेल्या पंधरा वर्षांत उघडली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर येथील ग्रामीण परिसर मराठवाड्यातच आहे; बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने पदवी अभ्यासक्रम सुरू केले; आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा आली, जी मराठीतूनही देता येते. प्रवेश मराठीतून आणि अध्यापन बहुधा इंग्रजीतून, ही विसंगती पहिल्या सत्रातच जाणवते, आणि खोलीभाडे व खानावळीचा खर्च कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नात बसवणे अवघड असते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेसारखे निर्वाह भत्ते म्हणूनच प्रवेश परीक्षेइतकेच निर्णायक ठरतात.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार आता पदवी चार वर्षांची करता येते, आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी देण्यासाठी विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असावे लागतात. ज्या महाविद्यालयांत अध्यापनाचा भार घड्याळी तासिकांवरील, म्हणजे तासामागे मानधन घेणाऱ्या, शिक्षकांवर आहे तेथे हे वर्ष कागदावरच राहण्याचा संभव आहे. त्यामुळे हिंगोलीतील विद्यार्थ्याने आणि पालकांनी प्रवेशाआधी विद्यापीठाचे नाव किंवा मानांकन पाहण्याऐवजी त्या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि चौथे वर्ष तेथेच पूर्ण होईल का, हे तीन प्रश्न प्राचार्यांच्या दालनात जाऊन विचारावेत.