रक्त आमचे, हिशेब कुणाचा?

सिकलसेल हा शब्द विदर्भातील आपल्या वस्त्यांना नवा नाही. हातपाय ठणकतात म्हणून शाळा बुडवणारे पोर, पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागणारी लेक, सोयरीक जुळवताना हळूच विचारला जाणारा प्रश्न, हे सारे आपण घरोघरी पाहत आलो आहोत. मध्य भारतात, नागपूरकडे, हा दोष असल्याची नोंद १९५८ सालीच झाली. आदिवासींत आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात त्याचे प्रमाण जास्त आहे, हेही तेव्हापासून सांगितले जात आहे. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदलते, 'ए'च्या जागी 'टी' येतो, आणि तांबडी रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

पण मग एकाच आईबापाच्या, तोच दोष असलेल्या दोन मुलांपैकी एक सतत दवाखान्यात आणि दुसरा शेतात राबतो, असे का होते? कारण बाकीचे जनुकही आपापले काम करत असतात. काही जणांच्या अंगात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते आणि तेच त्यांना वाचवते. हे कोडे सोडवायचे तर ते एक अक्षर पाहून भागत नाही, तीन अब्ज अक्षरांचा आख्खा ग्रंथ चाळावा लागतो. तो माणसाच्या डोळ्याने चाळून होत नाही. त्यासाठी संगणक लागतो आणि संगणकाला नेमके काय विचारायचे हे जाणणारा माणूस लागतो. ही विद्या म्हणजेच जैवमाहितीशास्त्र, बायोइन्फॉर्मॅटिक्स.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. तपासणी व्हावीच, तिला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. तपासणीच्या पुढे जाऊन उद्या या रक्तातून जी जनुकीय माहिती निघेल ती वाचायला बसणार कोण?

ही विद्या शिकवणारी छोटी प्रशिक्षणे आपल्या देशातही होतात. पुणे विद्यापीठात तर जैवमाहितीशास्त्राचे केंद्र १९८७ पासून आहे. पाच-सात दिवसांचा वर्ग असतो. पहिल्या दिवशी लिनक्सचा काळा पडदा समोर येतो. माउस बाजूला ठेवून आज्ञा टाइप करायला शिकायचे. मग यंत्रातून आलेल्या अक्षरांचे तुकडे तपासायचे, खराब तुकडे काढून टाकायचे, उरलेले प्रमाण जनुकसंचाशी जुळवायचे, कुठे अक्षर वेगळे आहे याची यादी काढायची आणि शेवटी आर नावाच्या संगणकीय भाषेत आलेख मांडायचे. गंमत अशी की यातली बहुतेक साधने फुकट आहेत. आर भाषा फुकट, गॅलॅक्सी ही प्रणाली फुकट, युरोपीय जैवमाहिती संस्थेचे ऑनलाइन धडेही फुकट. साधन फुकट असूनही वर्गाचे दार महाग, असा हा प्रकार आहे. फी, प्रवास, राहण्याचा खर्च, स्वतःचा लॅपटॉप, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र. आमच्या ओळखीची एक मुलगी जिल्ह्याच्या ठिकाणी पीएच.डी. करते. अशाच एका वर्गासाठी तिने अर्ज भरला, पण शिष्यवृत्तीचे पैसे आठ महिने अडकलेले होते. ते हाती पडले तेव्हा वर्ग होऊन गेला होता. 'पुढच्या वर्षी बघू' असे तिला सांगण्यात आले. पुढच्या वर्षी फी वाढली.

'परिस्थितीच तशी आहे' असे कुणी म्हणेल. परिस्थिती आफ्रिकेत याहून बिकट होती. वर्षानुवर्षे गोरे संशोधक तिथे येत, रक्ताच्या बाटल्या भरून नेत आणि निबंध आपापल्या देशात छापत. २०१६ साली जगातील मोठ्या जनुकीय अभ्यासांचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ८१ टक्के नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे निघाले. हे बदलण्यासाठी २०१२ मध्ये केपटाउन विद्यापीठातील प्राध्यापक निकोला मल्डर यांच्या नेतृत्वाखाली एच-थ्री-ए-बायोनेट हे जाळे उभे राहिले. पैसा अमेरिकेच्या आरोग्य संस्थेकडून आला, हे लपवायचे कारण नाही. पण वर्ग आफ्रिकनांनी आफ्रिकनांसाठी चालवले.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. तीन महिन्यांचा पायाभूत अभ्यासक्रम, आठवड्यातून दोन दिवस. विद्यार्थ्याने केपटाउनला जायचे नाही, वर्गच त्याच्या गावी आणायचा. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून व्याख्यानाचे चित्रीकरण आधीच उतरवून घ्यायचे. खोलीत सगळ्यांनी मिळून ते पाहायचे, अडले तर शेजारी स्थानिक साहाय्यक उभा, आणि मग व्याख्यात्याला दूरसंवादावर थेट प्रश्न विचारायचे. २०१६ च्या पहिल्याच खेपेला १० देशांतील २० संस्थांत साडेतीनशेहून अधिक जणांनी नावे नोंदवली. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने एक निबंध आला. ५० वांशिक-भाषिक समूहांतील ४२६ जणांचे जनुकसंच वाचून त्यांनी पूर्वी कुठेही न नोंदलेले ३० लाखांहून अधिक बदल दाखवले.

आपल्याला हे का हवे, याचे कारण केवळ आजार नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला आणि जातीचे मर्म आंतर्विवाहात आहे असे मांडले. बरोबर शंभर वर्षांनी, २०१६ मध्ये, पश्चिम बंगालमधील कल्याणीच्या राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जनुकांच्या विश्लेषणातून दाखवले की पूर्वी समूह एकमेकांत मिसळत होते आणि इंडो-युरोपीय भाषा बोलणाऱ्या वरच्या जातींत हे मिसळणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबले. म्हणजे भिंत मागाहून बांधली गेली. पण हीच आकडेवारी घेऊन उद्या कुणी वंशशुद्धीची पोथी लिहायला बसला, तर आलेखाच्या कोणत्या अक्षावर त्याने लबाडी केली हे दाखवायला आपल्यातले किती जण तयार आहेत? भाषणात सांगितलेले खोडता येते. गणितात दडवलेले खोडायला गणितच यावे लागते.

नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, नंदुरबार या ठिकाणी महाविद्यालये आहेत आणि त्यांत संगणक कक्षही आहेत. मे महिन्यात ते कुलूपबंद असतात. विद्यापीठांनी आणि सामाजिक न्याय विभागाने मिळून येत्या उन्हाळ्यात प्रत्येक ठिकाणी एक खोली, वीस संगणक आणि दोन साहाय्यक एवढे द्यावे. व्याख्याने आधी उतरवून आणावीत, समजावणी मराठीत व्हावी आणि सरावासाठी सिकलसेलचीच नाव-गाव काढून टाकलेली माहिती घ्यावी. अर्जाला शिफारसपत्राची अट नसावी. शिष्यवृत्ती थकलेल्या विद्यार्थ्यांकडून आगाऊ फी मागू नये.